तोलामोलाची जोड : खेळाडूची गुणवत्ता मोजावी कशी?

कुस्तीच्या फडात हलगी घुमू लागण्यापूर्वी एक अवघड काम उरकलेले असते, आणि प्रेक्षकांना त्याची बहुधा गंधवार्ताही नसते. ते काम म्हणजे जोडी लावण्याचे. कोल्हापूर-सांगलीकडे काय किंवा बेळगावच्या परिसरात काय, मैदान भरावयाचे म्हणजे कोणाची गाठ कोणाशी घालावयाची हे जाणत्या मंडळींनी आधी ठरवावे लागते. पैलवानाचे वजन, वय, कोणत्या तालमीत किती वर्षे घाम गाळला, मागील हंगामात कोणाला चीतपट केले व कोणाकडून पाठीला माती लावून घेतली, या साऱ्याचा मनाशी हिशेब करून जोड नेमली जाते. जोड तोलामोलाची असेल तर कुस्ती रंगते. जोड विजोड झाली तर एकाचा विजय फुकाचा ठरतो, दुसऱ्याचा पराभव अन्यायाचा ठरतो, आणि कोण किती पाण्यात आहे हे तर मुळीच कळत नाही.

या लेखात आम्हांला विचार करावयाचा आहे तो नेमका याच प्रश्नाचा. खेळाडूची गुणवत्ता मोजावी कशी, आणि प्रतिस्पर्धी निवडण्याची मुभा त्या खेळाडूलाच असेल तर त्या मोजमापाचे काय होते? प्रश्न जुनाच आहे. परंतु आमच्या विद्यार्थ्यांच्या हाती भ्रमणध्वनी आल्यापासून तो घरोघरी येऊन बसला आहे.

सर्वांत सोपा मार्ग म्हणजे विजय मोजणे. मुष्टियुद्धाच्या इतिहासात रॉकी मार्सियानो हा जड वजनी गटाचा जगज्जेता ४९ लढतींपैकी ४९ जिंकून १९५६ साली निवृत्त झाला. महंमद अली ६१ लढती लढला. त्यांत ५६ जिंकला, ५ हरला. केवळ अंक पाहणाऱ्याने पहिल्याला श्रेष्ठ म्हणावे. पण अलीच्या प्रतिस्पर्ध्यांच्या यादीत सॉनी लिस्टन, जो फ्रेझर, जॉर्ज फोरमन ही नावे आहेत, आणि त्यांतील फ्रेझरशी तो तीन वेळा लढला. दोघांत थोर कोण, हा वाद येथे सोडविण्याचा आमचा मनोदय नाही. नुसता अंक तो वाद सोडवू शकत नाही, एवढेच दाखवावयाचे आहे. याहून बोलके उदाहरण २०१७ सालचे आहे. फ्लॉइड मेवेदर याने त्या वर्षी आपला ५० वा विजय मिळवून अजिंक्य राहण्याचा विक्रम पुरा केला. परंतु त्या लढतीतील त्याचा प्रतिस्पर्धी कॉनर मॅकग्रेगर हा निराळ्या युद्धप्रकारातला नामांकित वीर असला, तरी व्यावसायिक मुष्टियुद्धाच्या चौकात त्या दिवशी प्रथमच उतरत होता.

आणि ज्याला जोडच मिळत नाही त्याचे काय? आपले गामा पैलवान १९१० साली लंडनला गेले, तेव्हा त्यांची उंची अपुरी म्हणून त्यांना स्पर्धेत घेतले नाही. त्यांनी उघड आव्हान दिले. १० सप्टेंबर १९१० रोजी पोलंडच्या स्टॅनिस्लॉस झिबिस्कोशी त्यांची कुस्ती जवळजवळ तीन तास चालली व अनिर्णित राहिली. पुढच्या आठवड्यात, १७ सप्टेंबरला, ती निकाली व्हावयाची होती. झिबिस्को आलाच नाही. १९२८ मध्ये पतियाळ्याला पुन्हा गाठ पडली तेव्हा गामांनी त्याला एका मिनिटाच्या आत अस्मान दाखविले. पण फ्रँक गॉच आणि जॉर्ज हॅकेनश्मिट या त्या काळच्या दोन जगप्रसिद्ध मल्लांशी गामांची कुस्ती कधीच झाली नाही. न झालेल्या कुस्त्यांचा जमाखर्च कोणत्याच वहीत मांडता येत नाही.

आता मुलांच्या खेळांकडे वळू. संगणकावर किंवा भ्रमणध्वनीवर खेळावयाचे असे काही खेळ आहेत की ज्यांत खेळणारा स्वतः ठोसा मारीत नाही. तो वस्तादाच्या भूमिकेत असतो. मल्ल किंवा मुष्टियोद्धा त्याच्या पदरी असतो. त्याला बळ द्यावे की चपळाई, दम वाढवावा की बचाव, कोणत्या फेरीत चढाई करावी, कोणत्या फेरीत राखून खेळावे, आणि मुख्य म्हणजे पुढची लढत कोणाशी घ्यावी, हे सारे तो ठरवितो. मग यंत्र आपल्या हिशेबाने लढतीचा निकाल देते आणि क्रमवारीत नाव वर-खाली सरकते. घरातील मोठ्या माणसांना हा निव्वळ कालापव्यय वाटतो. वाटो. परंतु या खेळांत गणिताचा एक चांगला धडा दडलेला आहे.

समजा, एखाद्या खेळात प्रत्येक विजयाला ठरावीक ३ गुण मिळतात आणि पराभवाला काहीच कापले जात नाही. तर क्रमवारीचा मार्ग उघड आहे : दुबळा प्रतिस्पर्धी शोधावा, दिवसाकाठी जितक्या लढती घेता येतील तितक्या घ्याव्या. येथे क्रमवारी कौशल्य मोजत नाही. ती फावला वेळ मोजते. दुसरी अडचण अशी की, लढणारा योद्धा एक व त्याला लढविणारा वस्ताद दुसरा. दोन वर्षे पोसलेला योद्धा कालच घडविलेल्या योद्ध्याला हरवील, यात वस्तादाचे कसब कोणते? ते पाहावयाचे तर दोन्ही योद्ध्यांचे बळ सारखे असताना कोणाची योजना सरस ठरते, किंवा उण्या बळाच्या योद्ध्याकडून कोण बरोबरी साधून घेतो, हे पाहिले पाहिजे.

तिसरी अडचण नशिबाची. दोघे अगदी समान बळाचे आहेत व ते दहा वेळा लढले असे धरा. बरोबरी होतच नाही असेही धरा. त्यांपैकी ठरावीक एकाने सात किंवा अधिक लढती जिंकण्याचा संभव किती? नाणेफेकीच्या गणिताप्रमाणे एकूण १०२४ शक्यतांपैकी १७६, म्हणजे सहांत सुमारे एक. याचा अर्थ असा की, “मी त्याला दहांत सात वेळा हरविले” ही बढाई सिद्धता म्हणून फारशी टिकणारी नाही. शंभरांत सत्तर वेळा हरविले असेल, तर गोष्ट वेगळी.

या अडचणींतून वाट काढणारा माणूस खेळाच्या दुनियेतला असला तरी पेशाने पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक होता. अर्पाद एलो यांचा जन्म १९०३ साली हंगेरीत झाला. बालपणीच ते अमेरिकेत गेले आणि पुढे मिलवॉकी येथील मार्केट विद्यापीठात शिकवू लागले. बुद्धिबळात ते विस्कॉन्सिन राज्याचे आठ वेळा विजेते होते. त्यांची गुणांकनपद्धती अमेरिकेच्या बुद्धिबळ महासंघाने १९६० साली आणि ‘फिडे’ या जागतिक महासंघाने १९७० साली स्वीकारली. कित्येक जण ‘एलो’ ही इंग्रजी आद्याक्षरे समजतात; ते एका माणसाचे आडनाव आहे, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे.

एलो यांची कल्पना थोडक्यात अशी : विजयाला स्वतःची अशी किंमत नाही, किंमत आहे ती अपेक्षा आणि निकाल यांतील अंतराला. दोन खेळाडूंच्या गुणांकनांतील फरकावरून दुर्बळाकडून किती गुणांची अपेक्षा करावी हे आधी काढावयाचे. फरकाला ४०० ने भागावे, येणारी संख्या १० चा घातांक समजावी, उत्तरात १ मिळवावा, आणि त्या बेरजेने १ ला भागावे. फरक ४०० असेल तर घातांक १, म्हणून १०. त्यात १ मिळवून ११. आणि १ भागिले ११ म्हणजे ०.०९. म्हणजे ४०० गुणांनी उणा असलेला खेळाडू शंभर डावांत नऊच्या आसपास गुण मिळवील. फरक २०० असेल तर दुर्बळाला ०.२४ व सबळाला ०.७६. फरक १०० असेल तर ०.३६ व ०.६४. फरकच नसेल तर अर्थात निम्मे-निम्मे. बुद्धिबळात विजयाला १, बरोबरीला अर्धा गुण असतो हे येथे गृहीत आहे.

डाव संपला की प्रत्यक्ष गुणांतून अपेक्षित गुण वजा करावयाचे आणि जे उरेल त्याला एका ठरावीक गुणकाने गुणावयाचे. ‘फिडे’च्या नियमांत १८ वर्षांखालील व २३०० हून कमी गुणांकनाच्या मुलांसाठी हा गुणक ४० आहे, सर्वसाधारण प्रौढ खेळाडूसाठी २०, आणि एकदा २४०० गाठलेल्यासाठी १०. १६०० गुणांचा प्रौढ खेळाडू १४०० गुणांच्या खेळाडूशी जिंकला तर त्याच्या पदरात ०.२४ गुणिले २०, म्हणजे ४.८ गुण पडतात. बरोबरी झाली तर ५.२ गुण जातात. हरला तर १५.२ जातात. बरोबरी करूनही तोटा व्हावा याचे नवशिक्यांना नवल वाटते. पण अपेक्षा पुरी झाली नाही, हाच त्या तोट्याचा अर्थ.

एलो यांच्या पद्धतीचे खरे सौंदर्य येथे दिसते. दुबळा प्रतिस्पर्धी शोधण्यात लाभ नाही, बलाढ्य प्रतिस्पर्धी टाळण्यातही लाभ नाही. २०० गुणांनी उण्या असलेल्याशी शंभरांत ७६ गुण मिळविले तर हिशेब शून्यावर येतो. २०० गुणांनी सरस असलेल्याशी २४ मिळविले तरी शून्यावरच येतो. तराजू दोन्हीकडे सारखा. निदान कागदावर तरी.

कागदावर म्हणण्याचे कारण असे की, नियमाला फट असली की बुद्धिमान माणसास ती प्रथम दिसते. ‘फिडे’चा एक नियम असा होता की, दोघांत ४०० हून अधिक फरक असला तरी तो ४०० च मानावा. बलवानांना खुल्या स्पर्धांत खेळण्याचा धाक वाटू नये, हा त्यातील हेतू. परंतु त्यामुळे २८०० गुणांच्या खेळाडूने १९०० गुणांच्या खेळाडूला हरविले तरी त्याला ०.८ गुण मिळत. वास्तविक अशा विजयाचे मोल जवळजवळ शून्य. २०२५ साली अमेरिकेचा ग्रँडमास्टर हिकारू नाकामुरा याला आव्हानवीरांच्या स्पर्धेत गुणांकनाच्या आधारे प्रवेश हवा होता व त्यासाठी ४० डावांची अट पुरी करावयाची होती. लुइझियाना, आयोवा अशा राज्यांतील स्थानिक स्पर्धांत तो जाऊन खेळला. त्याने कोणताही नियम मोडला नाही आणि आपला हेतू लपविलाही नाही. मात्र ऑक्टोबर २०२५ पासून ‘फिडे’ने २६५० व त्यावरील खेळाडूंसाठी खरा फरकच हिशेबात धरावा असे ठरविले.

त्याआधी डिसेंबर २०२३ मध्ये असाच प्रसंग फ्रान्समध्ये घडला. अलीरेझा फिरूझा याच्यासाठी शार्त्र येथे त्याच्याहून बऱ्याच कमी गुणांकनाच्या खेळाडूंशी लढती घाईघाईने योजिल्या गेल्या. ‘फिडे’ने त्या गुणांकनासाठी धरल्या नाहीत. मग तो रुआँ येथील खुल्या स्पर्धेत उतरला, सातही डाव जिंकला, आणि आव्हानवीरांच्या स्पर्धेत पोहोचला. तेथे, २०२४ साली टोरांटोत, आठ खेळाडूंत तो सातवा आला. आणि ती स्पर्धा जिंकली आपल्या गुकेशने.

पण अशा योजनेला सरसकट लबाडी म्हणणे आम्हांला मान्य नाही. चीनचा डिंग लिरेन महासाथीच्या काळात देशाबाहेर पडू शकला नव्हता. २०२२ साली आव्हानवीरांच्या स्पर्धेत एक जागा रिकामी झाली, तेव्हा त्याचे गुणांकन उत्तम होते. परंतु नियमात बसण्याइतके डाव खेळलेले नव्हते. त्याच्या महासंघाने त्याच्यासाठी भराभर स्पर्धा भरविल्या आणि साधारण महिन्याभरात त्याने दोन डझनांहून अधिक डाव खेळून अट पुरी केली. टीका झाली. परंतु माद्रिदच्या त्या स्पर्धेत तो दुसरा आला, आणि एप्रिल २०२३ मध्ये अस्ताना येथे जगज्जेता झाला. वरवर पाहता फिरूझाची व डिंगची गोष्ट एकच; एकाच्या बाबतीत जोड बनावट वाटते व दुसऱ्याच्या बाबतीत केवळ राहून गेलेले काम पुरे केल्यासारखे वाटते. हा भेद आकडा सांगत नाही. तो पटावरच सिद्ध व्हावा लागतो.

सर्वांत विलक्षण गोष्ट अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातील तुरुंगात घडली. क्लॉड ब्लडगुड नावाचा, खुनाच्या गुन्ह्याखाली बंदिस्त असलेला एक कैदी तेथे बुद्धिबळाच्या स्पर्धा भरवी. खेळणारे सारे आतलेच. बाहेरच्या खेळाडूंशी गाठ नाही. नवे कैदी आपसांत खेळून काही गुण कमावीत, आणि ते गुण फिरून ब्लडगुडकडे येत. त्याचे राष्ट्रीय गुणांकन चढत चढत १९९७ च्या सुमारास २७५९ पर्यंत गेले आणि अमेरिकेच्या यादीत त्याचे नाव दुसऱ्या क्रमांकावर झळकले. हे त्याने जाणूनबुजून केले की परिस्थितीने घडले, यावर वाद झाला. आम्हांला त्यातील गणिताशी कर्तव्य आहे. विहिरीतल्या बेडकांनी आपसांत उंची मोजली तर सर्वांत उंच कोण हे कळेल, पण बाहेरच्या जगाच्या मानाने तो किती उंच हे कळावयास बाहेरचा एक तरी बेडूक विहिरीत पडला पाहिजे. एकाच शाळेत, एकाच गल्लीत वा एकाच संगणकखेळातील मित्रमंडळात जिंकत राहणाऱ्यांची गत हीच असते.

याच्या उलट दोष आमच्या देशातील मुलांच्या वाट्याला येतो. मूल घरी बसून महिन्यामहिन्याने सुधारते. त्याचे गुणांकन मात्र मागेच रेंगाळते. मग १३०० गुणांचा मुलगा १७०० च्या प्रौढास हरवितो, आणि त्या प्रौढाचे गुण विनाकारण कापले जातात. खालच्या पायरीवरील हे आकडे फार घसरल्यामुळे मार्च २०२४ मध्ये ‘फिडे’ने २००० खालील सर्वांचे गुणांकन एकदम उचलले : २००० तून आपले गुण वजा करावे, बाकीचे दोनपंचमांश घेऊन आपल्या गुणांत मिळवावे. १५०० चे त्यामुळे १७०० झाले. सर्वांत खालची मर्यादाही १००० वरून १४०० वर नेली. गुणांकन हे गजाने मोजलेल्या लांबीसारखे नाही, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता? एलो यांनी स्वतःच या मापनाला पाण्यावर हेलकावणाऱ्या बुचाची उंची मोजण्याची उपमा दिली होती.

या हेलकाव्याचाही हिशेब ठेवावा अशी सुधारणा मार्क ग्लिकमन या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञाने केली. त्यांच्या पद्धतीत खेळाडूचे गुण आणि त्या गुणांविषयीची अनिश्चितता असे दोन आकडे असतात. खेळत राहिले की अनिश्चितता घटते. कित्येक महिने स्वस्थ बसले की ती वाढते. मिळविलेल्या क्रमांकावर बैठक मारून बसणाऱ्याला ही पद्धती विचारते, “बाबा, शेवटचा कधी खेळलास?” महाजालावर बुद्धिबळ खेळणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांना जे आकडे दिसतात ते याच पद्धतीचे किंवा तिच्या सुधारलेल्या रूपाचे असतात, म्हणून तेथील १८०० म्हणजे ‘फिडे’चे १८०० नव्हेत.

प्रतिस्पर्ध्याची निवड किती महत्त्वाची, हे ग्रँडमास्टर पदवीच्या नियमांतच लिहून ठेवले आहे. २५०० चे गुणांकन तर हवेच. शिवाय किमान २७ डावांची मिळून अशी कामगिरी हवी की जिचे मोल २६०० गुणांइतके ठरेल. प्रत्येक वेळी प्रतिस्पर्ध्यांची सरासरी २३८० च्या खाली नको, त्यांत किमान तीन ग्रँडमास्टर हवेत. थोडक्यात, विहिरीबाहेर या, असे नियमच बजावतो. आपल्या गोव्याचा लिऑन मेंडोंसा २०२० साली महासाथीमुळे युरोपात अडकून पडला. तेथेच स्पर्धामागून स्पर्धा खेळत त्याने पदवीच्या अटी पुऱ्या केल्या, त्या वेळी तो चौदा वर्षांचा होता.

आणि आकडा भविष्य सांगत नाही, केवळ अपेक्षा सांगतो, हेही गोव्यानेच पाहिले. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये जागतिक बुद्धिबळ चषकाची स्पर्धा गोव्यात झाली. २०६ खेळाडू, हरेल तो बाहेर. जगज्जेता गुकेश तिसऱ्या फेरीत हरला. आणि चषक उझबेकिस्तानच्या ज्या जावोखिर सिंदारोव्हने जिंकला त्याचे मानांकन सोळावे होते. त्याच वर्षी जुलैत बाटुमी येथे महिलांचा चषक जिंकणाऱ्या नागपूरच्या दिव्या देशमुखचे मानांकन पंधरावे होते. अंतिम सामन्यात तिने कोनेरू हंपीला हरविले.

आता पालकांशी दोन शब्द. अलीकडे ठरावीक गुणांखालील खेळाडूंपुरत्या बक्षिसांच्या स्पर्धा पुष्कळ होतात. त्यांत बक्षीस मिळावे म्हणून मुलाचे गुणांकन मुद्दाम खाली राखणे, अथवा मिळविलेले गुण जाऊ नयेत म्हणून त्याला महिनोन्महिने खेळूच न देणे, हे दोन्ही प्रकार आमच्या कानावर येतात. पहिल्यात मूल मुद्दाम हरावयास शिकते. दुसऱ्यात ते काहीच शिकत नाही.

शेवटी एक उदाहरण. १५०० गुणांच्या दोन मुली आहेत. दोघींचा गुणक ४०. पहिली सहा डाव खेळली, साऱ्या प्रतिस्पर्धी १३०० गुणांच्या. तिला सहांपैकी ५ गुण मिळाले. दुसरी सहा डाव खेळली, साऱ्या प्रतिस्पर्धी १७०० गुणांच्या. तिला सहांपैकी २ च मिळाले. पहिलीची अपेक्षा ०.७६ गुणिले ६, म्हणजे ४.५६, तिची वाढ ०.४४ गुणिले ४०, म्हणजे १७.६. दुसरीची अपेक्षा ०.२४ गुणिले ६, म्हणजे १.४४, तिची वाढ ०.५६ गुणिले ४०, म्हणजे २२.४. पहिलीच्या घरी बहुधा करंडक आला असेल, दुसरीला घरच्यांनी “चार डाव कसे घालविलेस?” म्हणून विचारले असेल. विद्यार्थ्यांनी हे गणित वहीत पुन्हा करावे, १५०० च्या जागी स्वतःचा आकडा घालावा, आणि दुसऱ्या मुलीला २ ऐवजी १ गुण मिळाला असता तर काय झाले असते तेही काढून पाहावे.